त्रिपुराअक्कांच्या पोटातलं वैभव

"त्रिपुराअक्का, स्पष्टच सांगते. तुमच्या हिऱ्याच्या कुड्यांचा मला कधी हेवा वाटला नाही. वाटला तो तुमच्या आतड्याचा."

एवढं लिहून विद्युलताबाईंनी पेन ठेवलं. पुढचं वाक्य महिनाभर लिहवत नव्हतं.

चेन्नईत मैलापूरला दोघींची दारं समोरासमोर. तंजावरकडच्या अक्का अठ्ठ्याहत्तरीच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त, मागेपुढे कुणी नाही. सकाळी रात्रीचा आंबलेला भात ताकात कालवून, वर कच्चा कांदा चावत खायच्या. विद्युलताबाई कराडच्या, सहा वर्षांनी लहान, आणि ताटात उकडलेला दुधी. डॉक्टरांनी त्यांना चित्र काढून समजावलं होतं: पोटातल्या जिवाणूंशी शरीराचं भांडण जुंपलंय. आतड्याची भिंत पुन्हा पुन्हा सोलवटते, आणि दर खेपेला भरून येताना व्रणाचे तंतू माजतात. पेशींना जोडून धरणारी ऊतीच आता जाड, ताठ झालीय. वाट पेन्सिलीएवढी उरलीय.

त्याच रुग्णालयात एका अभ्यासासाठी निरोगी वृद्धांच्या विष्ठेतले जिवाणू तपासत होते. विद्युलताबाईंनीच गमतीनं अक्कांचं नाव सुचवलं. पहिला अहवाल पाहून तिथले डॉक्टर हरखले. एवढी विविधता तरुणांतही नाही म्हणे!

"चाळीस वर्षं नकाशे शिकवले, कुणी विचारलं नाही," अक्का खो खो हसल्या. "आता बघ विद्या, कशाला मान मिळाला!"

"अक्का, जेवताना तरी पुरे!"

"तू कुठं जेवतीस? नुसती चाखतीस."

ते वर्मी लागलं.

दुसरा नमुना दोन तासांत पोचला तर त्या अभ्यासासाठी अक्कांची निवड पक्की होणार होती. नेमका त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला.

"तू दवाखान्यात जातीसच ना आज? एवढं दे गं. त्यांना माझी गरज आहे म्हणाले."

बर्फाचा डबा घेऊन विद्युलताबाई रिक्षात बसल्या. रुग्णालयात आधी त्यांचा स्वतःचा अहवाल हाती आला: फूटभर आतडं कापावं लागेल. त्या बाकावर टेकल्या. प्रयोगशाळेची खिडकी दहा पावलांवर होती. दोन तास संपायला अजून वीस मिनिटं होती.

खिडकीतल्या मुलीनं मान बाहेर काढली. "पाटी," तिनं आजीसाठीची तमिळ हाक मारली, "सँपल आणलंय का?"

विद्युलताबाईंनी डबा पायानं बाकाखाली सरकवला.

"नाही," त्या म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघत बसून राहिल्या.