येऊन राहिलो

अकोल्याला उतरलो तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि महिनाभराची मुदत होती. बायको, अनघा, जवळच्याच दर्यापूरला जनावरांची सरकारी डॉक्टर. लग्नाला तीन वर्षं झाली, पण आमचा संसार बहुतेक फोनवरच. शेवटी माझ्या पुण्याच्या साहेबांनी महिनाभर तिथून काम करून पाहायची परवानगी दिली. काम एकदा जरी अडलं, तर कायमचं पुण्यात.

जीप अनघाने ठरवून दिली होती. ड्रायव्हरला फोन केला. "येऊन राहिलो भाऊ," तो म्हणाला. माझ्या पुणेरी कानांना ते 'येऊन थांबलोय' असं ऐकू आलं. मग काय, जठारपेठेच्या चौकात भर उन्हात दिसेल त्या जीपमध्ये डोकावत फिरलो. एकाने तर हाकललंच. बऱ्याच वेळाने आमचा ड्रायव्हर आला, तोही हसत. 'येऊन राहिलो' म्हणजे 'येतोय', आणि बहुतेकदा माणूस अजून निघायचाच असतो, हे अनघाने नंतर समजावलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर माती, कपाशी, सोयाबीन. "सोयाबीनले भाव नाई, म्हनून सारी पोरं पुन्याले जाऊन राहिली," ड्रायव्हर म्हणाला. "अन् तुमी काहून (का) इकडं?"

"बायको इकडे आहे."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला.

दर्यापुरात नसीमआपांच्या माडीवर आमची खोली. खाली त्यांचं घर आणि नवऱ्याचं कापडाचं दुकान. मी दिवसभर घरातच दिसतो म्हणून आपांना वाटलं, नोकरी गेली बिचाऱ्याची. रोज काहीतरी पाठवायच्या: कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडदाची), वांग्याचं भरीत, डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. त्यांचा गैरसमज दूर करायची मला मुळीच घाई नव्हती. संध्याकाळी अनघा गोठ्यांचा वास अंगावर घेऊन यायची आणि आम्ही समोरासमोर बसून जेवायचो. खरं सांगतो, मला दुसरं काही नको होतं.

महिना संपत आला आणि दिल्लीच्या ग्राहकांशी मोठी बैठक ठरली. सकाळी वऱ्हाडी बोलण्याची हौस आली म्हणून आपांना ऐटीत सांगितलं, "आज दिल्लीचे साहेब लोक येऊन राहिले." लॅपटॉपवर, हे सांगायचं राहूनच गेलं.

बैठक ऐन रंगात आली आणि खालून मिरच्या भाजल्याचा खकाणा वर आला. मला जो ठसका लागला तो थांबेचना. आपा पाणी घेऊन धावत आल्या. "काहून ठसकून राहिले भाऊ? पानी प्या अगुदर. अन् साहेब लोक कुठं हायत? मटन तयार हाय, भाकरी थंड्या होऊन राहिल्या."

मी ठसकतच स्क्रीनकडे बोट दाखवलं. आपांनी वाकून एकेक चेहरा न्याहाळला.

"या अल्ला. आप लोग आए नहीं? हमने तो खाना बना लिया."

दिल्लीवाले पोट धरून हसले. आमच्या साहेबांचा चेहरा मात्र जराही हलला नाही. "उद्या पुण्याला निघ. समोर बसून बोलू," एवढंच म्हणाले.

स्टँडवर अनघा सोडायला आली. नुसती माझी कॉलर नीट करत राहिली. मला रडू येत होतं, पण तिच्यासमोर नको म्हणून मी बस कुठे लागलीय ते बघत बसलो.

पुण्यात साहेबांनी विचारलं, "वीज गेली?"

"नाही."

"नेट तुटलं?"

"नाही, सर."

"मग अडलं कुठे? ठसका काय, इथेही लागतो. राहा तिकडेच." मी दाराशी पोचलो तशी त्यांनी हाक मारली. "त्या मटणाचं काय झालं रे?"

"सगळ्या गल्लीने खाल्लं, सर."

पुण्यातली खोली रिकामी करायला गेलो. तीन वर्षांत मी तिथे दुसरं ताटसुद्धा घेतलं नव्हतं, हे बांधाबांध करताना लक्षात आलं. तेवढ्यात अनघाचा फोन.

"काय झालं? कुठे आहेस?"

"येऊन राहिलो."

ती हळूच म्हणाली, "वऱ्हाडी की पुणेरी?"

"या खेपेला दोन्ही," मी म्हणालो. "येतोय, आणि राहायलाच."