विहीणबाईंची डबल बेल

पृथ्वी ही एक मोठी एसटी आहे, ती खच्चून भरली आहे आणि तरीही पुढे भरपूर जागा आहे, अशी आमच्या विहीणबाईंची पक्की समजूत आहे. त्या एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण निवृत्त झाली ती त्यांची खाकी. बाई अजून ड्यूटीवरच आहेत. रहिमतपूर-औंध रस्त्यावरच्या ज्या गावात आमची मुलगी दिली आहे, तिथे त्यांच्या उंबऱ्यात कुणी घुटमळताना दिसलं की आतून आवाज येतो, "दारात उभं ऱ्हाऊ नका. आत या, न्हाईतर खाली उतरा." एकदा औंधला यमाईच्या दर्शनाला आम्ही बरोबर गेलो होतो. रांग हलेना, तेव्हा विहीणबाई पुढे गेल्या, गाभाऱ्याच्या तोंडाशी डोळे मिटून उभ्या असलेल्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बगितली न्हवं देवी? मग पुढं सरका, मागं पब्लिक हाय." गृहस्थ मुकाट्याने सरकले. पुजाऱ्याने विहीणबाईंच्या हातावर दोनदा प्रसाद ठेवला.

लग्नात वरमाईने रुसावं आणि मुलीच्या बापाने हात जोडावेत ही आपली रीत. आमच्या मुलीच्या लग्नात मी सकाळपासून हात जोडून तयार होतो, पण बाईंना रुसायला सवडच नव्हती. त्या पंगतीत उभ्या राहून माझ्याच पाहुण्यांना दाटीवाटीने बसवत होत्या. "तुमी दोघं हिकडं. पिशवी पायाशी. बाळाला मांडीवर घ्या, त्याला येगळी शीट न्हाई." दोन पंगतींची माणसं त्यांनी एका पंगतीत जेवायला घातली. स्टेजवर माझी थोरली बहीण नवरा-नवरीला जरा लांबलचक आशीर्वाद देत होती, तिला त्यांनी दंडाला धरून अलगद उतरवलं. बहीण अजून मला त्यावरून बोलते. मी सांगलीला हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून आयुष्य काढलेला माणूस. वरच्या पट्टीत बोलायची मला सवय नाही. त्यात मुलीचा बाप. तेव्हा आमच्या दोघांत बोलणं म्हणजे त्या बोलायच्या आणि मी "बरं" म्हणायचं, असंच ठरून गेलं होतं.

त्यांना मी लगेच "बरं" म्हटलं नाही असा प्रसंग एकदाच आला, आणि तो सईवरून आला. सई ही आमची दोघांची नात. तिला तान्ही असल्यापासून दम्याचा त्रास. धुळीने, थंडीने, कधी तर नुसतं पोट धरून हसल्यानेही तिची छाती वाजायला लागायची. दोनदा तिला साताऱ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तिथल्या बाकावर बसून मी जे जे देव आठवले, त्यांतल्या काहींची नावं मला त्याआधी ठाऊकही नव्हती. तेव्हापासून माझ्या शर्टाच्या खिशात तिचा दम्याचा एक जादा पंप असतो. सांगलीत असतानाही असतो, आणि तिथे त्याचा काय उपयोग, हे मला कुणी विचारू नये.

तर विहीणबाईंनी मुलींची पळण्याची टीम काढली. गावातल्या शाळेत शालेय क्रॉसकंट्रीचं पत्रक आलं होतं. सरांना शिकवण्यातून डोकं वर काढायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी पालकसभेत विचारलं की कुणी मुलींना पळायला नेईल का. विहीणबाईंनी विचारलं, क्रॉसकंट्री म्हणजे काय. सरांनी सांगितलं की हे मैदानातल्या आखलेल्या पट्ट्यांतून गोल गोल पळणं नव्हे. माळावरून, बांधावरून, चढ, उतार, खाचखळगे, जे आडवं येईल त्यातून पळायचं. बाई म्हणाल्या, "म्हंजी आमच्या औंध रूटवानीच की." आणि त्यांनी ते काम घेतलं. त्या स्वतः जन्मात कधी पळालेल्या नव्हत्या. नोकरीभर गाडी पळाली आणि त्या तीत उभ्या राहिल्या, एवढाच त्यांचा आणि वेगाचा संबंध. गुडघे तर त्या तिथेच ठेवून आल्या होत्या.

पहिल्या दिवशी केळी वाटणार असं कळल्यामुळे अर्ध्या गावातल्या पोरी आल्या. दुसऱ्या दिवशी केळी नव्हती, पोरीही नव्हत्या. मग विहीणबाई दारोदार फिरल्या. एका घरात आई म्हणाली, पोरगी सकाळी पळायला गेल्यावर भाकरी कोण थापणार? बाईंनी पदर खोचला, चुलीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "मी थापती. तू पोरगी सोड." आठवडाभर त्यांनी खरोखरच तिथे भाकरी थापल्या. शेवटी त्या आईलाच कानकोंडं झालं आणि तिने पोरगी सोडली. अशा करत करत सहाजणी जमल्या. त्यांना बाईंनी पाणंदीपासून माळावरच्या पाझर तलावापर्यंत रूट आखून दिला. त्यावर चिंचेचा थांबा, विहिरीचा थांबा, आणि मध्ये एका लिंबाखाली विनंती थांबा. ज्या पोरीला धाप लागेल तिने हात वर करायचा, तिला विनंती थांबा मिळणार. कुणी कुणाला हसायचं नाही.

निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी शाल-नारळाबरोबर त्यांना एक पितळी घंटी भेट दिली होती. ती पोरींसाठी बाहेर निघाली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे सुटा. याला एक कारणही होतं. रस्त्याकडेने मोटारसायकलवरून जाणारी गावची रिकामटेकडी पोरं पळणाऱ्या मुलींना बघून शिट्ट्या मारायची. विहीणबाई एकदा अशा एका गाडीला आडव्या गेल्या आणि शांतपणे विचारलं, "कुठं उतरायचं?" पुढे काय झालं ते ऐकीव आहे, पण तो मुलगा त्यानंतर लांबच्या रस्त्याने जाऊ लागला म्हणतात. पोरींना मात्र त्यांनी बजावून ठेवलं, "शिट्टी कुणीबी मारू दे, पाय हलवायचा न्हाई, मान वळवायची न्हाई. आपण सुटायचं ते आपल्या डबल बेलवर." पोरींनी हे गुरुमंत्रासारखं पाठ केलं.

या सहाजणींत आपली सई आहे, हे मला मुलीने फोनवर सहज बोलता बोलता सांगितलं. मी दुसऱ्या दिवशीची पॅसेंजर पकडून रहिमतपूरला उतरलो. वाटेत मी मनाशी कडक भाषण तयार केलं होतं. विहीणबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मी म्हणालो, "विहीणबाई, सईला पळवायचं नाही. तिला काही झालं तर मी सहन करू शकणार नाही." माझा आवाज मलाच ओळखू येईना. बाईंनी सूप बाजूला ठेवलं. मी आता काय ऐकावं लागतंय याची वाट पाहू लागलो.

त्या म्हणाल्या, "आवं व्याही, मी डाक्टरला इचारल्याबिगर काय करीन व्हय? त्यो म्हनला, पंप जवळ ठिवा, हळू सुरू करा, पळू द्या. रोज सकाळी तिच्या पाठीला कान लावती मी. छाती वाजली तर त्या दिशी रजा. पर न्हाई वाजली, तर घरात कशापायी बसवू?" मग सूप पुन्हा पुढे ओढत म्हणाल्या, "तुमी तिला जीव लावताय, मला ठावं हाय. पर ती खिडकीतनं दुसऱ्या पोरी बगत बसती, ते तुमी सांगलीस्नं बगत न्हाई." भाषणातलं पुढचं वाक्य मला काही केल्या आठवेना. मी "बरं" म्हणालो. सांगलीला येऊन बायकोला सांगितलं की मी कडक शब्दांत सुनावून आलोय.

स्पर्धा साताऱ्याच्या बाहेर एका माळावर होती. मी पहाटेच निघून गेलो होतो. वीसेक शाळांच्या पोरी, त्यांचे रंगीबेरंगी टी-शर्ट, आणि त्यांत आमच्या सहाजणी शाळेच्याच निळ्या ड्रेसमध्ये. सहाजणींपैकी पहिल्या चौघींचे नंबर धरणार होते. पंचांनी विहीणबाईंच्या हातात घंटी बघितली आणि अदबीने सांगितलं, "मावशी, ती वाजवू नका, मुली गोंधळतील." विहीणबाईंना नियम म्हणजे नियम. त्यांनी घंटी फडक्यात गुंडाळली, गच्च गाठ मारली आणि जुन्या कातडी बॅगेत तळाशी घातली. मुली रेषेवर उभ्या राहिल्या. पंचांनी हात वर केला आणि शिट्टी मारली.

माळभर धूळ उडाली. सगळ्या शाळा सुटल्या. धूळ जरा खाली बसली तेव्हा रेषेवर आमच्या सहाजणी नाकासमोर बघत, पाय न हलवता, उभ्या होत्या. पंच पुन्हा शिट्टी मारू लागले. जितकी शिट्टी वाजे, तितक्या पोरी ताठ. मी "अगं पळा, पळा" म्हणून ओरडलो, तर सईने मान न वळवता माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आजोबासुद्धा त्या मोटारसायकलवाल्यांना सामील झाले. इकडे विहीणबाई मांडी घालून जमिनीवर बसल्या होत्या आणि त्या गाठीला दात लावत होत्या. शेवटी फडकं टरकन फाटलं आणि टण टण असे दोन टोले माळावर घुमले. सहाजणी अशा सुटल्या की पंच दोन पावलं मागे सरले.

पुढे रूट टेकाडामागे जात होता. मुली तिकडे दिसेनाशा झाल्या आणि आमच्या हातात काहीच उरलं नाही. मी खिशातला पंप हातात घेतला. इतक्या धुळीत, इतक्या मागून, चुकीची भरपाई करायला पोरगी जिवाच्या आकांताने पळणार, हे मला दिसत होतं. विहीणबाई घंटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्या टेकाडाकडेच बघत म्हणाल्या, "व्याही, मला बी लय भ्या वाटतंय." मी त्यांच्या शेजारी मातीत बसलो. इतक्या वर्षांत आम्ही दोघं प्रथमच एका बाजूला बसलो होतो.

टेकाडावरून मुली उतरू लागल्या. रंगीत टी-शर्ट, मग आणखी रंगीत टी-शर्ट, मग एक निळा ड्रेस. दुसरा, तिसरा, चौथा. आमच्या चार पोरींनी कितीतरी जणींना मागे टाकलं होतं. पाचवी आली. माळ रिकामा व्हायला लागला, तंबूवाला खुंट्या उपटायला लागला. मी उठलो, तर बाईंनी माझा शर्ट धरला आणि म्हणाल्या, "थांबा. हात वर करून थांबली आसंल. शिकवलंय मी तिला." आणि तेवढ्यात टेकाडाच्या टोकावर सई दिसली. ती पळत नव्हती म्हणा, तशी चालतही नव्हती. एकेक पाऊल उचलत, लालबुंद तोंडाने, आपल्याच तंद्रीत ती उतरली आणि रेषा ओलांडून आजीच्या अंगावर येऊन कोसळली. बाईंनी तिच्या पाठीला कान लावला. मी पंप पुढे धरून उभा. माझ्या जन्मातली सगळ्यात लांब वाट मी तिथे उभ्या उभ्या पाहिली. विहीणबाईंनी डोकं वर केलं. त्यांचे डोळे भरले होते. "दमलीय नुसती," त्या म्हणाल्या. "चांगली निरोगी दमलीय." सई म्हणाली, "आजोबा, ते नको, पाणी द्या." ढाल वगैरे काही मिळाली नाही. परतीच्या गाडीत विहीणबाई माणसं मोजून बसल्या आणि रहिमतपूर येईपर्यंत ढाराढूर झोपल्या. त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही.

आता मी रविवारी त्या गावात जातो तेव्हा सई घरी नसते. पूर्वी पिशवी खाली ठेवायच्या आधी मांडीवर येऊन गोष्ट मागायची, कारण तिला दुसरं काही करताच यायचं नाही. मी आठवडाभर अडतीवर बसून तिच्यासाठी गोष्टी जमवायचो. त्या जमवायची सवय अजून गेलेली नाही, सांगायच्या मात्र राहून जातात. मुली माळावर गेलेल्या असतात. विहीणबाईंचे गुडघे आता तितकंही चालू देत नाहीत. त्या वेशीपाशी दोन टोले देऊन पोरींना सोडतात आणि ओट्यावर येऊन बसतात. आम्ही चहा घेतो. मी सुटलो, वाचलो, देवाने ऐकलं, असं मनात म्हणतो, आणि तरी घर फार शांत वाटतं. मागच्या रविवारी लांब माळावर सहा ठिपके हलताना दिसले. मी विचारलं, "विहीणबाई, यांतली आपली कोणती?" त्यांनी कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ पाहिलं.

"आदी लगीच कळायची," त्या म्हणाल्या. "आता न्हाई वळकू येत."

मीही पाहिलं. सगळ्या सारख्याच पळत होत्या.