दहावा फर्मा

आमच्या बाइंडिंगखान्यात ताई घड्या घालते आणि मी शिवते. छापलेला मोठा कागद तिच्याकडे येतो, तीन घड्या पडल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे सगळे फर्मे क्रमानं लावून मी दोऱ्यानं शिवते, की झालं पुस्तक. वीस वर्षं हेच. हजारो पुस्तकं ताईच्या हातांखालून गेली, पण तिनं एकही वाचलं नाही. "वाचत बसलं की घडी तिरकी जाते," म्हणायची. ही तिच्या आईची शिकवण. आई इथली जुनी मुकादमीण. मलाही कागद धरायला तिनंच शिकवलं, हातावर फटके देऊन.

त्या आठवड्यात मात्र ताईच्या घड्या तिरक्या जायला लागल्या. कादंबरी तिच्या धाकट्या बहिणीची होती ना!

धाकटी शिकली, लांब गेली, लिहायला लागली. कादंबरीत बाप घर सोडून जातो, आई आणि दोन मुली मागे राहतात. आता हे घर कुणाचं, ते आम्हाला कुणी सांगायला नको. "कशी वाटतेय गं?" म्हणून धाकटीचा रोज फोन. ताई आपली "काम फार आहे" म्हणून फोन ठेवून द्यायची.

नवव्या फर्म्यावर तिचा हात थांबला. त्याच्या शेवटच्या पानावर दोघी बहिणी बाजारात जातात आणि कोपऱ्यावर बाप उभा दिसतो. पान तिथंच संपलं. दहावा फर्मा अजून छापायचाच होता.

ताईनं मला कागदाच्या थप्प्यांमागे ओढलं.

"तो खरंच भेटला होता," ती म्हणाली. "मी सोळाची, धाकटी आठाची, माझं बोट धरून. म्हणाला, घरी यायचंय, आईला विचार. मी म्हटलं, आईला तुमचं तोंडही बघायचं नाही, परत दिसू नका. अगं, आईला मी विचारलंच नाही! ती तर रोज वाट बघत होती त्याची."

बाप परत दिसला नाही. तीन वर्षांनी तो वारल्याचीच बातमी आली.

"धाकटीच्या लक्षात नसेल असं वाटलं होतं मला. आणि पहिली प्रत आईला द्या म्हणतेय ती." आईला आता दिसत नाही. शेजारीण रोज तासभर काहीतरी वाचून दाखवते. म्हणजे शेजारणीच्या तोंडून आईला सगळं कळणार.

माझं तोंड फटकळ. मी म्हटलं, "इतकी वर्षं गिळून बसलीस, आता तरी सांगून टाक."

"तू गप्प बस, भवाने!"

दोन दिवस तिनं डबा उघडला नाही. दाराशी छापखान्याची गाडी थांबली की दचकायची. मालकांनी दोनदा झापलं, तेही तिला ऐकू गेलं नसावं.

तिसऱ्या दिवशी दहावा फर्मा आला. ताईनं तो उभ्यानंच वाचला आणि माझ्या हातात दिला. त्यात थोरली गप्पच उभी होती. "जा तुम्ही, येऊ नका," असं धाकटीच ओरडली होती. पोरीनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

"सुटलीस बाई!" मी म्हटलं.

ताई उसळली. "सुटले काय? आता आईला वाटेल, त्या एवढ्याशा पोरीनं बापाला हाकललं!"

पण खरं सांगायचीही छाती होईना. मग कुठलाही बाइंडर करणार नाही ते तिनं केलं. आईच्या प्रतीतून दहावा फर्मा काढून आपल्या पिशवीत ठेवला. आणि शिवलं कुणी? मीच. उगाच लपवायचं कशाला?

"माझ्याबरोबर चल," ताई म्हणाली, म्हणून आईकडे गेले. आई खिडकीपाशी बसली होती. पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, आणि जन्मभराच्या सवयीनं विचारलं, "पानं किती?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी," मीही सवयीनं बोलून गेले. ताईनं मला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

आईचा अंगठा पुस्तकाच्या वरच्या कडेवरून सरकायला लागला. एकेक फर्मा चाचपत, ओठांत मोजत. "सतरा," ती म्हणाली. "अठरा हवेत. शिवलं कुणी हे?"

मी ताईकडे बघितलं. ताईनं पिशवीतून दहावा फर्मा काढला. तो माझ्याकडे सरकवला. मीच वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

"आठ वर्षांची पोर एवढं बोलली?" आईनं विचारलं.

"नाही आई. मी बोलले." ताई तिच्या पायांशी बसून रडायला लागली. "तू वाट बघतेयस हे माहीत होतं मला. तरी मीच हाकललं त्याला."

ताईनं धरलेला हात आईनं सोडवून घेतला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"त्या दिवशी अंगात काय होतं त्याच्या?" आईनं विचारलं.

"स्वेटर. तपकिरी."

"कोपरावर ठिगळ?"

"हो."

"मी विणलेला." तिनं तो सुटा फर्मा मांडीवर घेतला, चाचपून नीट घडीवर घडी बसवली. "धाकटीला फोन लाव. पुस्तक चांगलं झालंय म्हणावं. पण त्यात स्वेटर लिहायचा राहिला."