वाकल्याशिवाय गळा उघडेना

सिहोऱ्याची वच्छलाबाई रेडिओवर गाणार म्हटल्यावर गावातल्या रिकामटेकड्या तोंडांना चांगलाच खुराक मिळाला. "धान रोवण्याचे गाणे रेडिओत कोन आयकते जी?" म्हणे! गाणारी ती, आयकणारे दुसरे, यांच्या पोटात काहून दुखावं? पण तिचा नवरा भैय्यालाल लोकांच्या बोलण्याला फार भ्यायचा. "जातेस तं गाऊनच ये," तो म्हणाला. "तशीच वापस आलीस तं मले तोंड दाखवाले जागा नाही."

सोबतीला शेजारीण रुखमिणी होती. मोहाडीच्या लहानशा रेडिओकेंद्रात कीर्ती नावाची पोरगी कार्यक्रम करायची. दिसायला चारचौघींसारखी, पण माइकपुढे बोलायला लागली तशी वच्छलाबाई आ वासून बघतच राहिली. बाई माय! बाईमाणसाचा आवाज, आणि कोणाला न विचारता गावोगावी घराघरांत शिरतो!

"काकू, बसा खुर्चीवर. म्हणा आता," कीर्ती म्हणाली.

वच्छलाबाई बसली. तोंड उघडलं, आवाजच नाही. पाणी प्याली, खाकरली, पुन्हा तेच. जिच्या गाण्यावर धानाची अख्खी बांधी रोवून व्हायची तिचा गळा ऐन वेळी दगा देत होता. घरी काय सांगायचं, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

रुखमिणीचा पारा चढला. "अवं येडे, बसून कधी गायली होतीस का तू?"

खरंच की! वच्छलाबाई उठली. पदर खोचला, कमरेत वाकली, डाव्या हातात धानाच्या रोपांची पेंढी धरल्यासारखी मूठ केली आणि उजव्या हातानं फरशीवर रोवायला लागली. गाणं असं सुटलं की कीर्तीच्या अंगावर काटा आला. पण रोवणारी बाई मागे मागे सरकते ना! वच्छलाबाई गात गात मागे, आणि माइक धरून कीर्ती गुडघ्यांवर तिच्या तोंडासमोर सरकत, पार ती भिंतीला टेकेपर्यंत. हसावं की हात जोडावे, पोरीला कळेना.

काही दिवसांनी रेडिओवर ते गाणं लागलं तेव्हा बाया बांधीत रोवत होत्या. बांधीच्या कडेला धुऱ्यावर भैय्यालाल मोबाइल उंच धरून उभा होता. रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलं, "कोन गाऊन राहिली?" तर हा गडी छाती काढून म्हणतो, "आमच्या घरची होय!"

वच्छलाबाईचे हात मात्र थबकले होते. "काय गळा हाय वं या बाईचा! कोन होय?"

"तूच तं होस!" रुखमिणी म्हणाली.

वच्छलाबाईला खरंच वाटेना. जन्मभर ती घोळक्यातच गायली होती. सगळ्यांच्या आवाजात आपला कोणता, हे तिला कधी वेगळं ऐकूच आलं नव्हतं.

"चाल वं, पात मागं राहिली तुही," पलीकडून कोणी ओरडलं.

"राहू दे," वच्छलाबाई म्हणाली. "माही न् तिची आजच भेट होऊन राहिली."