फलाटावरचं घड्याळ

आमच्या थोरल्या मामांइतका वेळ लावून या पृथ्वीवर आजवर कोणी कुठून निघालेलं नाही. माणसं घर सोडतात, गाव सोडतात, काही तर संसार सोडून हिमालयात जातात. पण त्या सगळ्यांना मिळून जेवढा वेळ लागत असेल, तेवढा मामांना आखाडा बाळापूरच्या बाजारातून भाजीची पिशवी घेऊन निघायला लागायचा. कारण मामांचा एक नेम होता. ज्याच्या घरचं पाणी प्यालो, ज्याच्याशी चार शब्द बोललो, ज्याच्या सावलीत घटकाभर टेकलो, त्याचा निरोप घेतल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. आणि निरोप म्हणजे नुसता हात हलवणं नव्हे. आधी बसायचं, पाणी मागायचं, त्याच्या गुडघ्यांची, म्हशीची आणि सुनेची चौकशी करायची, "चुकलंमाकलं पोटात घाला" म्हणायचं, उठायचं, दारात पुन्हा थांबायचं आणि मग म्हणायचं, "येतो बरं का." समोरच्यानं तोंडानं "या" म्हटलं तरच हिशेब पुरा. एखादा नुसती मान हलवणारा निघाला की सगळा विधी पुन्हा पाण्यापासून सुरू.

कळमनुरीच्या स्टँडवर एकदा एसटी हलल्यावर मामा खिडकीतून ओरडले, "थांब रे बाबा, रसवंतीवाल्याला सांगायचं ऱ्हायलं!" ड्रायव्हर नवीन होता, तो थांबला. जुने ड्रायव्हर असे फसत नसत. ते आधीच विचारून घेत, "मामा, समद्यांला सांगून झालं का?" आणि मगच इंजिन चालू करत. बाळापूरच्या बाजारात बैल विकला तेव्हा मामांनी त्याच्या गळ्यात हात टाकून असा निरोप घेतला, की बैल घेणाऱ्यालाच रडू फुटलं आणि तो बैल परत देऊन मोकळा झाला. पुढं तो बैल मामांच्याच गोठ्यात म्हातारा झाला. हिंगोलीला त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. भूल देणारा डॉक्टर जवळ आला, तर मामांनी झोपल्या झोपल्या त्याचा हात धरला आणि डोळ्यांत बघून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, येतो बरं का." नोकरीत एवढा कधी घाबरलो नाही, असं तो डॉक्टर नंतर सांगायचा. यात मी पदरचं काही घालत नाही. बैलाचं थोडं वाढवलं असेल, पण बैल होता.

मामींनी या माणसाबरोबर तीस वर्षं उभ्यानं संसार केला. उभ्यानं म्हणजे खरोखरच उभ्यानं, डोक्यावर पदर, हातात पिशवी, कोणाच्या तरी दारात. कधी तक्रार नाही. त्यांनी आयुष्यात हट्ट असा एकच केला. गावातल्या मास्तरीणबाई हैदराबाद पाहून आल्या होत्या, आणि तिथल्या एका म्युझियममधलं घड्याळ त्यांनी मामींना हातवारे करून दाखवलं होतं. त्या घड्याळात एक एवढासा दाढीवाला बाहुला राहतो. तास भरला की दार उघडून बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले देतो आणि पुन्हा आत जातो. समोर बाकं टाकलेली असतात, माणसं गपगार बसून बघतात. झालं. त्या दिवसापासून मामींच्या डोक्यात तो बाहुला घर करून बसला. "बारा वाजता पाह्यचं," त्या म्हणायच्या, "बारा टोले देताना."

नव्वदच्या दशकातल्या कुठल्याशा उन्हाळ्यात हळद बरी आली आणि मामांनी हैदराबादचा बेत काढला. मी नुकताच हिंगोलीच्या एका शाळेत मास्तर म्हणून चिकटलो होतो, लग्न नवं होतं, आणि मला हिंदी येतं असा मामांचा समज होता. म्हणून मी आणि माझी बायकोही निघालो. गाव सोडायला दीड दिवस लागला, ते जाऊ द्या. हैदराबादेत पहिले तीन दिवस किल्ला, प्राणीसंग्रहालय आणि तलाव असं सगळं पाहिलं, आणि घड्याळ राहत राहत शेवटच्या दिवसावर आलं. संध्याकाळी साडेसहाची गाडी. मी चोख वेळापत्रक लावलं. दहाला लॉज सोडायचं, बाराला घड्याळ, मग जेवण, मग स्टेशन. मामींनी त्या दिवशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. एका बाहुल्यासाठी!

सकाळी सातला पाहतो तर मामा पटका बांधून दारात तयार. मला वाटलं, चला, सुधारले.

"भाच्या," मामा म्हणाले, "आज आपलं जायचं हाये. लोकांला सांगून यावं लागंल."

"कोणाला, मामा? इथं आपलं कोण आहे?"

"असं काहून म्हनतो? च्यार दिवस ऱ्हायलो, लोकाचं पानी पेलो. चोरावानी निघून जायचं का?"

माझी एकच आशा होती. एवढं मोठं शहर, लाखो माणसं, कोणाला फुरसत असणार? मामा एकदोन ठिकाणी झिडकारले जातील आणि मुकाट्यानं चालू लागतील. पण साहेब, तिथंच मी फसलो. हैदराबाद हे मामांच्याच सख्ख्या भावांचं शहर निघालं. लॉजच्या मॅनेजरनं मामांना बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतःच्या गुडघ्यांची हकीकत न विचारताच सांगितली. तिथंच दहा वाजले. मग सामान उचललं. वळकटी माझ्या खांद्यावर, दोन पिशव्या बायकोच्या हातात, डब्यांची पिशवी मामींकडे, आणि मामा मोकळे, कारण निरोपाला दोन्ही हात लागतात.

चारमिनारजवळ एका बांगडीवाल्याच्या दुकानात आम्ही दुसऱ्या दिवशी तासभर बसून एकही बांगडी न घेता उठलो होतो. मला त्या रस्त्यानं जायचीसुद्धा लाज वाटत होती. मामा थेट गादीवर जाऊन बसले. "हम आज गाव को निकल्या," मामा म्हणाले. "चुकलंमाकलं पोट में डालो." त्या भल्या माणसानं काय पोटात घालायचं ते न विचारता चहा मागवला. चहा आला, मग दुसरा आला, मग त्याचे वडील आले. वडिलांनी मामांना उठताना पाहून बजावलं, "जातुं नक्को बोलो मियाँ, आतुं बोलो!" मामांचे डोळे भरून आले. परमुलखात 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचा आपला नेम पाळणारा माणूस भेटला होता. त्यांनी म्हाताऱ्याला मिठी मारली आणि दोघंही पुन्हा खाली बसले. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. त्यात बाहुला नव्हता.

मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. दोन टोले तं दोन."

दोन वाजता आम्ही एका हवालदाराला शोधत होतो. पहिल्या दिवशी रस्ता चुकीच्या जागी ओलांडला म्हणून त्यानं मामांना झापलं होतं. मामांच्या मते ते चार शब्दांत मोडत होतं. हवालदार दुसऱ्या चौकात होता, तिथून तिसऱ्या चौकात गेला होता. मेचं ऊन डोक्यावर, डांबर चपलेला चिकटत होतं, वळकटीचं वजन तासाला शेरभर वाढत होतं. माझी बायको एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "अहो, आपण हैदराबाद पाहायला आलो, की हैदराबादच्या घरोघरी भेटीला?" आजही कोणी हैदराबाद म्हटलं की माझ्या पोटऱ्या आधी दुखतात आणि मग मला शहर आठवतं.

मामींनी चपला काढून हातात घेतल्या होत्या. दर थोड्या वेळानं त्या एवढंच विचारायच्या, "बापू, किती वाजले?" मी सांगायचो. त्या मनात काहीतरी वजा करायच्या आणि चालू लागायच्या.

चार वाजता आम्ही पहिल्या दिवशीच्या रिक्षावाल्याच्या घरी होतो. घर कसं सापडलं हे विचारू नका. अर्धं हैदराबाद आम्हाला पोचवायला आलं होतं. त्यानं जेवल्याशिवाय सोडणार नाही असं सांगितलं आणि शब्द पाळला. शेवटी माझ्या बायकोनंच मामांना घड्याळ दाखवलं. मामा दचकले. रिक्षावाल्यानं आम्हाला चौघांना सामानासकट कोंबलं आणि गल्लीबोळांतून अशी रिक्षा हाणली की वळकटी दोनदा बाहेर जाऊन स्वतःच परत आली.

म्युझियमच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पाचाला पाच मिनिटं कमी होती. तिकिटाची खिडकी बंद झालेली. माणसं बाहेर पडत होती, आत कोणी जात नव्हतं. मामांनी पहारेकऱ्याला हात जोडले. "साहेब, बाई को घड्याळ देखना हाये. उतना एकच." तो अदबीनं म्हणाला, "वक्त हो गया बाबा. कल आना."

उद्या! आमची गाडी दीड तासानं होती.

मग आतून, खूप आतून, कुठंतरी टोले पडल्यासारखे वाटले. खरे की भास, देव जाणे. मामींनी फाटकाच्या गजाला धरून मान तिरकी केली आणि बोटांवर मोजले. पाच झाल्यावर पदर सारखा केला, डब्यांची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "चला. गाडी चुकंल."

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली, जी कळमनुरीच्या ड्रायव्हरांना सांगितली तर ते मला खोटारडा म्हणतील. मामा त्या पहारेकऱ्याला काहीही न बोलता वळले आणि रिक्षात येऊन बसले.

स्टेशनावर कळलं की गाडी तासभर उशिरा आहे. आम्ही एका जाड खांबाशी सामान टाकलं आणि सामानावर स्वतःला टाकलं. मामा लांब, पाठ करून बसले. मी जवळ गेलो. दिवसभराचा राग ओठांवर होता. "मामा, त्या हवालदाराला सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं?"

मामा रुळांकडे बघत म्हणाले, "भाच्या, आपुन गेल्यावर मागं कोनी वाट पाहत बसू न्हाई. सांगून गेलं म्हंजे लोक वाट पाहत न्हाईत. येवढंच हाये ते." मग हळू आवाजात म्हणाले, "अन् ही तीस वर्सांपासून माह्या मागं वाट पाहून राहिली. तिचं मपल्या ध्यानातच आलं न्हाई."

थोड्या वेळानं मामा दिसेनासे झाले. मला वाटलं, हमालांचा निरोप घ्यायला गेले असतील. स्टेशनच्या घड्याळात सहा वाजले आणि खांबामागून मामा बाहेर आले. हनुवटीखाली उपरणं दाढीसारखं गुंडाळलेलं, पाय ताठ, मान ताठ, नजर समोर. एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात पळी. चावी दिल्यासारखे तीन पावलं पुढं आले, थांबले आणि झाकणावर टोला दिला. ठण्ण! पुन्हा, ठण्ण! सबंध फलाट वळून पाहू लागला. माझी बायको पदरात तोंड खुपसून हसत होती. मी लाजेनं वळकटीत शिरायच्या बेतात होतो. मामी मात्र सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर, मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं तशा गपगार.

सहा टोले झाले. बाहुला जागच्या जागी वळला. पण शेवटी बाहुलाही आमच्याच मामांचा होता. दोन पावलं गेला, थांबला, मामींकडे बघून म्हणाला, "येतो बरं का." आणि खांबामागं गेला.

"या," मामी म्हणाल्या.

सात वाजता खांबासमोर शंभरेक माणसं मांडी घालून बसली होती. बरं, चाळीस धरा. हमाल होते, दोन बुरखेवाल्या होत्या, एक चहावाला किटली खाली ठेवून बसला होता. सात टोले पडले, बाहुल्यानं "येतो बरं का" म्हटलं, आणि सबंध फलाट मामींबरोबर काहीतरी आपापल्या भाषेत बोलला. मामी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. त्यानंतर त्या सगळ्या प्रेक्षकांचा निरोप घेता घेता गाडी सुटली आणि मामांना मी दारातून आत ओढलं, हे सांगायला नको.

पुढं दहाएक वर्षांनी, पेरणीच्या दिवसांत, मामा दुपारी जेवून आंब्याखाली टेकले आणि तिथंच गेले. ज्या माणसाला भाजीची पिशवी घेऊन निघायला दोन तास लागायचे, त्याला या कामाला क्षणही लागला नाही. कोणाला सांगितलं नाही, पाणी मागितलं नाही. रसवंतीवाला आला, एसटीचे जुने ड्रायव्हर आले, आणि प्रत्येक जण थोडा रुसल्यासारखाच बसला होता.

नंतर आमच्याकडची रेल्वेची छोटी लाईन जाऊन मोठी झाली आणि हैदराबाद जवळ आलं. मी एकदा बाळापूरला मामींकडे गेलो होतो. उन्हं उतरली होती, मामी ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मी म्हटलं, "मामी, आता चला. बारा वाजता घड्याळासमोर नेऊन बसवतो, कोणाच्या घरी जाणार नाही, काही नाही."

"काहून?" मामींनी मान वर केली नाही. "म्या पाह्यलंय की ते."

"ते खरं कुठं होतं, मामी?"

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग रस्त्याकडे बघत त्यांनी मलाच विचारलं, "तिथला बाहुला आत जाताना 'येतो' म्हनतो का, बापू?"

"न्हाई म्हनत, मामी."

"मंग," त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.