गवत उचलण्याचे काम

१८ एप्रिल २०२४. मृत्यू दोन.

नाशिकजवळच्या एका लष्करी डेपोत सहादू पगारे एकतीस वर्षे फायरमन होते. दारूगोळ्याच्या कोठारांभोवतीचा वीस मीटरचा पट्टा मोकळा राहावा, बाहेरची आग आत येऊ नये, एवढ्यासाठी ते रोज सातपूरहून पहिली बस धरत.

२०२२ मध्ये मनुष्यबळाची फेरमांडणी करणारे पथक आले. कोणत्या कामाला किती माणसे आणि किती दिवस लागतात, हे कामगारांनीच लिहून द्यायचे होते. सहादूंनी स्वच्छ अक्षरात लिहिले: गवत कापणे, आठ माणसे, बारा दिवस. कापलेले गवत ती माणसे त्याच संध्याकाळी उचलून बाहेर नेत. ते वेगळे काम आहे, असे कोणालाच कधी वाटले नव्हते. जेवल्यावर ताट उचलल्याची नोंद कोण करतो?

गवत कापणाऱ्यांची आठही पदे रद्द झाली. कंत्राट निघाले, त्यात सहादूंचेच शब्द उतरले. यंदा मार्चअखेर पट्टा कापून झाला आणि गवत जागच्या जागी वाळू लागले.

"बंटीभाऊ, हे उचलायला सांगा," सहादू कंत्राटदाराच्या मुकादमाला म्हणाले.

"काका, कागदावर कापणं आहे. उचलणं दाखवा, उचलतो."

"लिहिताना माझंच राहिलं."

"मग तुम्हीच उचला. रिटायर होण्याआधी तेवढाच व्यायाम."

सहादूंनी तीन अर्ज केले. उत्तर आले: पुढील वर्षीच्या निविदेत विचार करू. कुंपणापलीकडे शेतकरी बांध जाळू लागले होते.

अखेर जेवणाच्या सुट्टीत त्यांनी नांदगावकडच्या दोन कंत्राटी मजुरांना गाठले, गोजराबाई आणि तिचा दीर नवनाथ.

"ताई, शेवटच्या कोठारामागचं तेवढं उचलाल का?"

"तुमी म्हणता म्हून. पण चहा लागंल बरं का, दादा. साखर लय."

सहादू चहा आणायला गेटवर गेले. तेवढ्यात वारा फिरला. बांधावरची आग कुंपण ओलांडून वाळल्या गवतात शिरली, आणि त्या दोघांनी जेवढी जागा रिकामी केली होती, तिथे येऊन थांबली. कोठार वाचले. उरलेल्या गवतात वाकलेले ते दोघे वाचले नाहीत.

चौकशीत सहादूंनी सगळे सांगितले, स्वतःचे काहीही न वगळता. कंत्राटदाराने लेखी कळवले की गवत उचलणे मृतांच्या कामात नव्हते, सबब ते कामावर नव्हते.

दोघांचीही भरपाई अद्याप दिलेली नाही.