कोर्सच्या आधीची धडधड

आमच्या मुरबाडकडच्या सरकारी दवाखान्यात कापूस संपायचा, स्पिरिट संपायचं, किस्से मात्र कधी संपले नाहीत. माणसं घाबरलेली असली की उलट ते जास्तच साठतात. आणि त्या वर्षी, दोन हजार सालाच्या आसपास, आम्ही सगळेच जाम घाबरलो होतो.

कारण इमर्जन्सीचा कोर्स! जायचं होतं ठाण्याला, मी म्हणजे जुनी सिस्टर आणि वैशाली म्हणजे नवी सिस्टर, अशा दोघींनी. महिनाभर आधी जाडजूड पुस्तक आलं, सगळं इंग्रजी. वर निरोप, की वाचून या, पहिल्याच सकाळी तयारी तपासू, कच्च्या असतील त्यांना परत पाठवू. नाक कापलं जाईल ते सोडा. पण आम्ही पास झालो तरच, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळासाठीची पेटी आमच्याकडे येणार होती. त्यात हवा द्यायची पिशवी, चिमुकले मास्क, सगळं. नाहीतर ती दुसऱ्या केंद्राला जाणार. आदल्या पावसाळ्यात असंच एक न रडलेलं बाळ आम्ही जीपमधून कल्याणला नेत होतो. ते रस्त्यातच गेलं. त्यामुळे ती पेटी आम्हाला हवीच होती.

*

अभ्यासाला सुरुवात केली आमच्या डॉक्टरांनी. तरुण मुलगा, उत्साह दांडगा. ओपीडीत पेशंट बसलेले असतानाच ते पुस्तक मोठ्यानं वाचायचे आणि आम्हाला मराठीत समजावायचे. एक दिवस हार्ट अटॅकची लक्षणं झाली. छातीत जडपणा, घाम, डावा हात दुखणं. गुडघ्याचं औषध न्यायला आलेल्या एक आजी बाकावर कान देऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची अख्खी वाडी दारात. सगळ्यांचा डावा हात दुखत होता! भाताची लावणी नुकतीच उरकलेली, त्या दिवसांत हात कुणाचा दुखत नाही? पण डॉक्टरांचा चेहरा उतरला. एकेकाला झोपवून, छातीला नळी लावून दुपारपर्यंत तपासत बसले. शेवटी आजींचा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, आजी, तुमचा हात कधीपासून दुखतोय?

"माझा नाय दुखत रे बाबा. मी यांना घेऊन आले."

*

मग सरावासाठी पेशंट हवा होता. जिवंत माणसाची छाती काही दाबायची नसते, पण खांदे हलवणं, हाक मारणं, श्वास बघणं एवढं तरी करून बघू म्हटलं. आमचा जीपचा ड्रायव्हर बाळाराम तयार झाला. जेवण झाल्यावर बाकावर आडवा पडला, वर पंखा. वैशालीनं त्याचे खांदे हलवले. "काका, ऐकू येतंय का?" हूं नाही की चूं नाही. वा, काय अॅक्टिंग करतोय, असं मी म्हणते आहे तोवर वैशाली पांढरी पडली. तिनं चिमटा काढला, तरी हा हलेना. मी ओरडले, डॉक्टर हातातलं काम टाकून धावत आले.

बाळारामनं एक डोळा उघडला आणि म्हणाला, "गाडी काढू?"

*

वैशाली आटगावची. शहापूरहून मुरबाडच्या एसटीनं यायची आणि खिडकीशी बसून डोळे मिटून पाठांतर करायची. एकदा असंच चाललेलं. "श्वास नाही. नाडी नाही. वेळ घालवू नका." शेजारच्या बाईला वाटलं, पोरगी आता जातेय! तिनं कंडक्टरला बोलावलं, कंडक्टरनं ड्रायव्हरला सांगितलं, आणि मधले सगळे स्टॉप सोडून एसटी थेट आमच्या दवाखान्याच्या दारात. अशी सोय आमची सरकारनं कधी केली नव्हती.

वैशाली लाजेनं मान खाली घालून उतरली. कंडक्टरनं तिच्या हातातलं पुस्तक बघितलं आणि एवढंच म्हणाला, "बाई, उद्यापासून कुणाला मारायचं ते मनातल्या मनात मारा."

*

माझं घरीही तेच. पाठ झालेलं सकाळी आठवायचं नाही, मग रडू यायचं. छाती दाबायचा ठेका हातात बसावा म्हणून तांदळाच्या पिठाची उकड मळता मळता मोठ्यानं आकडे मोजायचे. आमचे हे आठवडाभर गप्प जेवले. एक दिवस ताटात भाकर वाढली, तर तिच्याकडे वाकून म्हणाले, "बघ गं, श्वास घेते का."

*

आता शेवटचं सांगते. सरावाला बाळ नव्हतं, म्हणून वैशालीनं जुन्या चादरीत भाताचा तूस भरून एक बाळ शिवलं. पहिल्या दिवशी बाळंतपणाच्या खोलीत आम्ही त्याला पुसलं, मान नीट ठेवली, तोंडावर हात धरून हवा दिल्यासारखं केलं आणि ट्रेमध्ये ठेवून निघालो. तर आमची आया सखूबाई दारात आडवी.

"असं मुकं ठेवायचं नाय. या खोलीत तर नायच."

मी म्हटलं, अगं सखूबाई, चादर आहे ती. तर म्हणाली, असूंदे, आधी रडवा, मग ठेवा. आदल्या पावसाळ्यात जीपमध्ये ते बाळ तिच्याच मांडीवर होतं. तेव्हापासून नियमच झाला. एकीनं सराव करायचा, ट्रेमध्ये ठेवताना दुसरीनं बाळाच्या आवाजात रडायचं. कोर्सपर्यंत रोज. मी एकदा रजेवर होते तेव्हा डॉक्टर रडले म्हणे.

ठाण्याला पहिल्याच सकाळी हॉलमध्ये बोलावलं. जोडीजोडीनं परीक्षा. टेबलावर प्लॅस्टिकचं बाळ, समोर एक कडक मॅडम. आमच्या आधीच्या दोन जोड्या बॅगा उचलून परत गेलेल्या. वैशालीनं बाळ पुसलं, मान सरळ केली, मी पिशवी दिली, तिनं हवा दिली. मॅडमच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना. वैशालीनं बाळ उचलून ट्रेमध्ये ठेवलं.

आणि पन्नाशीला आलेली मी, भरल्या हॉलमध्ये, रडले. "ट्यां... ट्यां..."

सगळा हॉल वळून बघायला लागला. मॅडमनी चष्मा काढला. "कोण रडलं?"

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वैशालीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाळ, मॅडम."

मॅडमनी चष्मा परत लावला.

"रडलं ना? मग झालं. पुढची जोडी."